माळ्यावर खोली करायचीय? आधी जिना बघा
घरदुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे, आजेसासऱ्यांच्या वेळचं. खाली ओटी आणि दोन खोल्या, वर मेडा (पहिला मजला), मेड्यावर कौलांखालचा माळा. रस्त्यापासून मागच्या चौकापर्यंत घर आतून 18 फूट खोल, रस्त्यालगत 32 फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या सामाईक भिंती. माळ्याच्या फळ्यांपासून पुढची-मागची भिंत 3 फूट वर जाते, आढ्याखाली 8 फुटांहून थोडं जास्त भरतं. मुलगा अकरावीत आहे, त्याला अभ्यासाला स्वतंत्र खोली करून द्यायची आहे. आमचा कडिया (गवंडी) म्हणतो, कौलं उतरवा आणि धाबं, म्हणजे सिमेंटचा स्लॅब, भरा. दीर म्हणतात, छप्परच तीन फूट उचलून घ्या. मुलानं मोबाइलवर परदेशातली छपरातून खिडक्या काढलेली घरं पाहिली आहेत, त्याला तसंच हवं. मला वाटतं, आहे तसाच माळा साफ करून रंग काढला तर काय बिघडलं? माळ्यावर जायला भिंतीलगत उभा लाकडी जिना आहे, धरायला दोर आणि डोक्यावर झडप. कोणता प्रकार निवडावा?
— एक वाचक भगिनी, वडोदरा

उत्तर : पत्राबरोबर मापं कळवलीत, फार बरं केलंत. बहुतेक पत्रांत ‘माळा मोठा आहे’ एवढंच असतं आणि मग मला अंदाजाने बोलावं लागतं.

चौघांची चार मतं आहेत, पण जिन्याबद्दल कुणीच बोललेलं नाही. तो पत्राच्या शेवटी, जाता जाता आला आहे. माझ्या लेखी निर्णय तिथूनच सुरू होतो. माळ्यावरची खोली कशी करायची हे छपरापेक्षा जिना जास्त ठरवतो.

आधी उंचीचा हिशेब करू. आढं भिंतीच्या माथ्यापासून साधारण सव्वापाच फूट वर आहे, म्हणजे उतार 30 अंशांच्या आसपास. मंगलोरी कौलांना असाच उतार लागतो. अशा छपराखाली 6 फूट उंचीचा माणूस ताठ उभा राहील एवढी जागा आढ्याच्या दोन्ही बाजूंना पावणेचार-पावणेचार फूट मिळते. म्हणजे 18 फुटांपैकी साडेसात. आतून उष्णतारोधक थर आणि छत लावलं की वरून चार-पाच इंच जातात, आणि ही पट्टी जेमतेम 6 फुटांवर येते. बाकीच्या जागेत वाकून चालायचं, किंवा तिथे बैठं टेबल, गादी, पुस्तकांची बुटकी कपाटं ठेवायची. मुलाला अभ्यासाला एवढं पुरेल. टेबल उताराखाली चालतं, खुर्चीवर बसलेल्याला सव्वाचार फूट उंची भरपूर होते.

आता जिना. सध्याचा तुमचा जिना मी न बघताही सांगतो : पायरीची उंची नऊ-दहा इंच, पाय ठेवायला सहा इंच, उतरताना तोंड भिंतीकडे करून उतरायचं. पापड-कुरडयांचे डबे आणि गणपतीचं मखर वर चढवायला तो ठीक होता. रोज रात्री अकराला झोपेच्या गुंगीत उतरणाऱ्या मुलासाठी नाही. मेड्याची उंची 9 फूट धरली तर नीट चढता येईल अशा जिन्याला सव्वासात इंचांच्या 15 चढण्या लागतात. पाय ठेवायला 10 इंच दिले की सरळ जिन्याची लांबी जवळजवळ पावणेबारा फूट होते. घर लांबीला 32 फूट आहे, तेव्हा लांबीची अडचण नाही. अडचण डोक्याची आहे. भिंतीलगतच्या जिन्याने वर पोचलात तर तिथे छप्पर फक्त 3 फुटांवर, कपाळमोक्ष ठरलेला. म्हणजे वरची शेवटची पायरी आढ्याखाली, मध्यावर यायला हवी. आणि मध्यावर जिन्याचं भोक पाडलं की उभं राहायची ती 6 फुटांची पट्टीच खाल्ली जाते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

म्हणून मी तुमच्या मुलाच्या बाजूने मत देतो, त्याचं कारण मात्र वेगळं. त्याला छपरातली खिडकी दिसायला आवडते. मला ती जिन्यासाठी हवी आहे. मागच्या, चौकाकडच्या उतारावर सात-आठ फूट रुंदीचा तुकडा उचलून उभी भिंत, तीत खिडकी आणि वर हलक्या उताराचं छोटं छप्पर, याला डॉर्मर म्हणतात. जिना मागच्या भिंतीलगतच ठेवायचा, फक्त ऐसपैस करायचा, आणि त्याचं वरचं टोक या डॉर्मरखाली आणायचं. डोक्यावर साडेसहा फूट मिळतात, मधली पट्टी खोलीसाठी मोकळी राहते, आणि चौकातून उजेड-वारा येतो तो वेगळाच. बाजूच्या भिंती सामाईक असल्यामुळे तिथे खिडकी काढायचा प्रश्नच नाही. पुढचा उतार रस्त्याकडचा, तो आहे तसाच राहू द्या. दांडिया बाजारात जुन्या लाकडी दर्शनी भागांची घरं आता किती उरली आहेत, तुम्हीच मोजा. पुढच्या उतारात चार-सहा काचेची कौलं बसवा, उजेडाला तेवढी पुरतात.

डॉर्मर करताना गळती होते ती नव्या-जुन्या छपराच्या सांध्यात. तिथे कडिया सिमेंटचा लपका मारू पाहील. मारू देऊ नका. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं, सिमेंट दोन्ही करत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तिथे केसाएवढी चीर पडते. सांध्यात जस्ती किंवा अॅल्युमिनियमचा पत्रा दुमडून घाला, कौलांखाली सहा इंच आत गेलेला आणि डॉर्मरच्या भिंतीवर सहा इंच चढवलेला. डॉर्मरच्या छोट्या छपराला कौलं नकोत, एवढ्या कमी उतारावर कौलांखालून पाणी मागे सरकतं. तिथे पत्रा आणि खाली जाड उष्णतारोधक थर.

वासे कापावे लागतील. कापलेल्या टोकांना वर आणि खाली आडवा दुहेरी वासा देऊन भार शेजारच्या वाशांवर न्यायचा, हे सुताराला वेगळं सांगावं लागत नाही. वेगळं सांगावं लागतं ते हे, की तुळई आणि कैचीची (छपराच्या त्रिकोणी चौकटीची) खालची आडवी दांडी यांना करवत लावायची नाही, ती कितीही आडवी येत असली तरी. तीच भिंतींना बाहेर फाकू देत नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम करा. सुताराला दाभण घेऊन माळ्यावर न्या आणि प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचून बघायला सांगा. मधला भाग सागवानी, ठणठणीत दिसतो, वर वार्निशही असतं, पण भिंतीतल्या ओलीने टोक आतून भुसा झालेलं असू शकतं, आणि उधई (वाळवी) तिथूनच चढते. दाभण अर्ध्या इंचाहून आत सहज गेली तर खोलीचं काम थांबवून आधी तुळईचं बघायचं. राहत्या खोलीसाठी जमिनीवर चौरस मीटरला 200 किलो भार धरतात. 12 बाय 10 फुटांची खोली धरली तर हा भार सव्वादोन टनांपर्यंत जातो. फळ्या आणि खालच्या कड्या तेवढं पेलतात का, हे बांधकामाच्या इंजिनीअरकडून लेखी घ्या. तोंडी नको. पुस्तकांचं कपाट नेहमी तुळईवर, दोन तुळयांच्या मध्ये नाही.

आता बाकीच्या तीन मतांकडे वळतो.

धाबं नको. ‘साहेब, धाबुं भरी दो ने!’ हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आलो. कडियाचं चुकत नाही, त्याला धाबंच येतं. पण मंगलोरी कौलांचं छप्पर रिपांसकट चौरस मीटरला साधारण 65 किलो भरतं. पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब नुसता 300 किलोंच्या वर, वरची फरशी आणि टाकी वेगळी. हे ओझं तुमच्या चुन्यातल्या विटांच्या भिंती आणि लाकडी खांबांच्या डोक्यावर जाणार, पाया आपल्या इथल्या काळ्या मातीत, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. 26 जानेवारी 2001 च्या सकाळी झेंडावंदनाला निघालेले आपण सगळे कसे रस्त्यावर धावलो होतो, आठवतंय ना? केंद्र कच्छमध्ये भचाऊजवळ होतं, तरी इथे हलल्याशिवाय राहिलं नाही. वडोदरा भूकंपाच्या तिसऱ्या विभागात येतं. जुन्या भिंतींवर वजन जितकं वर आणि जितकं जास्त, तितका हादरा वाईट.

दिरांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. छप्पर तीन फूट उचललं तर कुठेही वाकावं लागणार नाही, अख्खा मजला मिळेल, आणि पुढे मुलाचं लग्न झालं तर तोच उपयोगाचा. पण नऊ इंची विटांची तीन फूट भिंत 32 फूट लांब बांधली की एकेका भिंतीवर जवळजवळ 4 टन चढतात. सामाईक भिंतींवर बांधकाम करायचं तर दोन्ही शेजाऱ्यांची संमती हवी, घराची उंची वाढते म्हणून महानगरपालिकेची परवानगी हवी. पाया उकरून बघावा लागेल. दिरांचा आणि तुमचा वाटा अजून एकत्र असेल तर आधी कागदावर आणा, विटा नंतर आणा. पैसा, शेजारी आणि पाया या तिन्ही गोष्टी जमत असतील तर हा मार्ग खुला आहे. एका मुलाच्या अभ्यासासाठी मी तो घेणार नाही. डॉर्मरसाठीही परवानगीचं विचारून घ्या. छपराचा आकार बदलतो, नोंदणीकृत इंजिनीअरकडून नकाशा करून घ्या.

आणि तुमचं स्वतःचं मत : साफसूफ करून रंग काढणं. ताई, मे महिन्यात दुपारी दोन वाजता एकदा माळ्यावर जाऊन दहा मिनिटं बसा. बाहेर 42-43 अंश, वर कौलं तव्यासारखी तापलेली. रंगाने काही होत नाही. तुम्ही कोणताही प्रकार निवडलात तरी हा थर करावाच लागेल : कौलांखाली दीड-दोन इंच हवेची पोकळी, मग चकचकीत फॉइल, त्याखाली दोन इंच रॉकवूल (खनिज धाग्यांची उष्णतारोधक गादी), शेवटी प्लाय किंवा जिप्समचं छत. पोकळीतली हवा वळचणीतून आत यायला आणि आढ्यातून बाहेर जायला हवी. म्हणून आढ्याची कौलं सिमेंटने गच्च लिंपू नका, मधे मधे हवेची कौलं बसवा आणि त्यांना आतून जाळी मारा, नाहीतर पारवे येऊन राहतील.

छताचा पंखा विसरा. साडेसात फुटांवरच्या छताला पंखा लावला तर हात वर करून शर्ट काढणाऱ्या मुलाची बोटं जातील. भिंतीवरचा पंखा लावा. वायरिंग पाइपातून, जुन्या लाकडावर उघडी वायर एकही नको. वर धुराचा अलार्म बसवा, कारण लाकडी घरात खाली आग लागली तर तो जिना हाच एकमेव रस्ता. डॉर्मरची खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी आणि बिनगजाची ठेवा. गजाशिवाय जमतच नसेल तर आतून उघडणारं गजाचं दार करा.

काम उत्तरायण उरकल्यावर काढा. त्याआधी कौलं उघडलीत तर पतंगामागे धावणारी पोरं उरलीसुरली तुडवतील. फेब्रुवारीत सुरू केलंत तर मेअखेर छप्पर बंद होतं, आणि जूनच्या पहिल्या सरीत सांधे तपासायला मिळतात. शंभरेक जादा कौलं घेऊन ठेवा. जुन्या मापाची कौलं पुढे मिळायची नाहीत, आणि वानरं वर्षातून एकदा तरी हजेरी लावतातच.

---

प्रश्न : मुलगा लंडनच्या हॅरो भागात राहतो. 1930 च्या दशकातलं जोडघर आहे, एका बाजूने शेजाऱ्यांना चिकटलेलं. त्याला छपराखाली खोली काढायची आहे, म्हणजे आम्ही दोघं सहा महिने जाऊन राहतो तेव्हा स्वतंत्र सोय होईल. तिथल्या बिल्डरने चार प्रकार सांगितले : रूफलाइट, डॉर्मर, हिप टू गेबल आणि मॅन्सार्ड. मुलगा म्हणतो, ‘आई, त्या सदरवाल्या काकांना विचार.’
— कारेलीबागेतून

उत्तर : काका म्हटलंय, तर सांगतोच.

रूफलाइट म्हणजे छप्पर जसंच्या तसं, उतारातच खिडक्या. सर्वांत स्वस्त. डॉर्मर म्हणजे काय ते वरच्या उत्तरात आलंय. मॅन्सार्डमध्ये एक बाजू जवळजवळ उभी भिंत होईल एवढी चढवतात. तो लंडनच्या आतल्या भागातल्या सलग ओळीतल्या घरांचा प्रकार, त्याला बहुतेक ठिकाणी नगररचनेची वेगळी परवानगी लागते. मुलाने तो यादीतून काढून टाकावा.

खरी निवड उरते ती हिप टू गेबलची. त्या काळच्या जोडघरांना छपराचे तीन उतार असतात : पुढे, मागे आणि मोकळ्या बाजूला. या घरांत जिना बहुधा त्या मोकळ्या बाजूच्या भिंतीलगत असतो. नवा जिना जुन्याच्या डोक्यावर न्यायचा म्हटलं की तो नेमका तिसऱ्या उताराखाली येतो आणि डोकं आपटतं. म्हणून तो उतार काढून भिंत सरळ वरपर्यंत नेतात, हेच हिप टू गेबल, आणि सोबत मागे डॉर्मर करतात. दोन्ही एकत्र केलं की पूर्ण खोली आणि न्हाणीघर बसतं.

मुलाने आधी एक माप घ्यावं : खालच्या छताच्या लाकडी कड्यांच्या माथ्यापासून आढ्याच्या खालच्या कडेपर्यंत. 2.2 मीटर भरलं तर पुढे जायचं. घर 1930 च्या दशकातलं, तेव्हा छप्पर सुट्या वाशांचं असणार, 1960 नंतरच्या घरांसारखं तयार कैच्यांचं नव्हे. ते मोकळं करणं सोपं.

इंग्लंडचे नियम थोडक्यात. जोडघराला छपरात एकूण 50 घनमीटरपर्यंत वाढ वेगळ्या परवानगीशिवाय चालते, सलग ओळीतल्या घराला 40. आधीच्या मालकाने काही वाढवलं असेल तर ते त्यात धरतात. रस्त्याकडच्या उताराच्या पुढे काहीही यायला नको, आढ्याहून उंच जायचं नाही, डॉर्मर वळचणीपासून किमान 20 सेंटिमीटर आत, बाजूच्या खिडकीला धुरकट काच. संरक्षित वारसा-परिसरात मात्र ही सवलत नाही. तो भाग तसा आहे का, कौन्सिलला विचारून घ्या. ही परवानगी लागली नाही तरी बांधकामाचे नियम लागतातच : दुमजली घर तिमजली होतं, म्हणून बाहेरच्या दारापर्यंत जिन्याला आगीपासून संरक्षण, खोल्यांना आग अडवणारी दारं, एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म. लोखंडी तुळया सामाईक भिंतीत जाणार, म्हणून 1996 च्या पार्टी वॉल कायद्याखाली शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजारी कितीही गोड असला तरी द्यावी.

बिल्डर कदाचित एकाआड एक पाय ठेवायच्या अरुंद पायऱ्या सुचवेल, जागा वाचते म्हणून. एका खोलीच्या माळ्याला त्या तिथे चालतात. तुम्हा दोघांना चालणार नाहीत.

आणि हेच मला खरं सांगायचंय. तुम्ही वर झोपू नका. तिथल्या थंडीत पहाटे तीनला उठून दोन जिने उतरायचे, तेही सत्तरीत, त्यापेक्षा नातवंडांना वर पाठवा आणि त्यांची मधल्या मजल्यावरची खोली तुम्ही घ्या. त्यांना वरची खोली मिळाली की ती उड्या मारतील. मुलाला हे तुम्ही सांगितलंत तर तो ‘असं कसं आई’ म्हणेल. माझं नाव सांगा.

---

प्रश्न : ऑगस्ट 2024 च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं. आता न्हाणीघरावर स्लॅबचा माळा घालून तिथे झोपायचीही सोय करावी म्हणतो.
— मुजमहुडा

उत्तर : सामानासाठी घाला, झोपण्यासाठी नको. वडोदऱ्याची विश्वामित्री नदी तेव्हा 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी 26. पाणी चढायला लागल्यावर छताला चिकटलेल्या साडेतीन फुटी कपारीत माणूस असू नये, तिथून बाहेर पडायला वाटच नसते. माणसांसाठी अगाशीवर (गच्चीवर) पत्र्याची शेड आणि तिथपर्यंत जाणारा पक्का जिना करा. माळ्यावर कागदपत्रं, गाद्या, धान्याचे डबे. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरीही तळमजल्यावरून हलवा, पण या माळ्यावर नाही : बॅटरीला हवा लागते आणि वजनही फार. वरच्या मजल्याच्या जिन्याच्या चौकात ठेवा.